तिने भरलेल्या बाटल्या

तारापूर एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात पेशी वाढवण्याचं द्रावण तयार होतं. शरीराबाहेर काढलेल्या पेशींना जगायला साखर, क्षार, जीवनसत्त्वं असं जे जे लागतं ते सगळं त्यात असतं. रंगाने लालसर गुलाबी. आम्ही त्याला नुसतं मीडिया म्हणतो. ते गाळून निर्जंतुक बाटल्यांत भरायचं आणि अंधाऱ्या कोल्ड रूममध्ये ठेवायचं, कारण उजेडानेही ते बिघडतं. मी तिथे तपासणीचं काम करते, पालघरहून कंपनीच्या बसने येते.

बाटल्या भरायच्या खोलीत बोलायला मनाई आहे. अंगभर पांढरा पोशाख, तोंडावर मास्क, दिसतात ते फक्त डोळे. तिथे काम करणारी जवळच्या दांडी गावातली एक मुलगी काचेपलीकडूनच माझी मैत्रीण झाली. मी बाहेरून हात केला की ती एक भुवई उचलायची आणि दोन्ही डोळे सावकाश मिटायची. म्हणजे सगळं ठीक. डबा खाताना मात्र तिच्या बोलण्याला खळ नसायचा.

पावसाळा सरता सरता तिला ताप आला आणि आठवडाभरात ती गेली.

आमच्याकडे प्रत्येक बॅचच्या थोड्या बाटल्या मुदत संपेपर्यंत जपून ठेवतात. तिने भरलेल्या शेवटच्या बॅचच्याही होत्या. अधूनमधून त्या बाटल्या दिव्यासमोर धरून गढूळ झाल्या नाहीत ना, हे मला पाहावं लागे. कोल्ड रूमचे पंखे घुमत असायचे, आणि पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं सारखं वाटायचं. बाटली जागेवर ठेवून मी मागे न बघता बाहेर यायचे.

होळीची रजा संपवून कामावर आले त्या सकाळी भरण्याच्या खोलीशी थांबले. काचेपलीकडचे डोळे तिचे होते. सवयीने माझा हात वर गेला. त्या डोळ्यांवरची एक भुवई उचलली गेली, आणि डोळे सावकाश मिटले.

मी काचेपासून मागे सरले. कशीबशी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बसले. थोड्या वेळाने रात्रपाळी सुटली, तशी त्याच पोशाखातली व्यक्ती आत आली, तिने डोक्यावरचं टोपरं काढलं. चेहरा वेगळा, वयाने लहान.

"तुमी घाबरल्या ना, मॅडम?" ती म्हणाली. "मी तिची बहीण. धाकटी. तिच्या जागी परवाच लागले."

"पण ते... डोळ्यांचं?"

"आईला ऐकू येत नाय. आमी घरात सगळी अशीच बोलतो."

मग तिने हळूच विचारलं, "तिने भरलेल्या बाटल्या अजून हायेत काय?"

मी तिला कोल्ड रूममध्ये नेलं. तिने हातमोजा घातलेल्या हाताने एक बाटली धरली आणि बराच वेळ सोडली नाही. तिने घरी जाऊन आईला खुणांनी सांगितलं, की थोरलीच्या हातचं काहीतरी कंपनीत थंडाव्यात जपून ठेवलंय. थोरली गेल्यापासून आईचं अन्नावरचं मन उडालं होतं, ती तेव्हापासून नीट जेवू लागली, असं ती मला म्हणाली.

मुदत संपली तेव्हा नियमाप्रमाणे त्या बाटल्या नष्ट करायच्या होत्या. "एक घरी नेऊ?" तिने विचारलं. नेता येत नाही, मी सांगितलं. बाटल्या वाफेच्या दाबाखाली उकळून निघाल्या. बाहेर आल्या तेव्हा रंग पार उतरलेला होता. मग तिनेच त्या एकेक करून सिंकमध्ये रिकाम्या केल्या. मी शेजारी उभी होते. नळ बंद करून ती म्हणाली, "आईला नाय सांगणार मी."

नंतर एकदा बोईसरच्या बाजारात धाकटीने मला हाक मारली. तिची आई सुक्या बोंबलांचा ढीग लावून बसली होती. धाकटीने खुणेने मी कोण ते सांगितलं. म्हातारीने माझा हात घट्ट पकडला, मोकळ्या हाताची मूठ बाटली धरल्यासारखी वळली आणि ती प्रश्नार्थक नजरेने माझ्याकडे पाहत राहिली. धाकटी बोंबील नीट लावू लागली. तिने वर पाहिलं नाही.

मी मान हलवली. आहेत म्हणून.

म्हातारीने हात सोडला आणि कागदात बोंबील बांधून माझ्या पिशवीत कोंबले. पैसे काही केल्या घेतले नाहीत.