वैद्यबुवांची शिट्टी

वैद्यबुवांनी आयुष्यात कुणाची नाडी पाहिलेली नाही. ते मोटरसायकली दुरुस्त करतात. पण लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर चालू इंजिनावर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून गप्प उभं राहायचं, ही त्यांची जुनी सवय. ते पाहून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि बुवांनी ते मोठ्या खुशीने अंगाला लावून घेतलं. आपण थट्टेचा विषय झालो आहोत हे त्यांच्या ध्यानात यायला बरीच वर्षं गेली. ही सगळी हकीकत हल्ली ते स्वतःच सांगतात, आणि ऐकणाऱ्यालाही पोटभर हसू देतात.

हायवेला लागून त्यांचं पत्र्याचं गॅरेज. भिंतीवर प्रत्येक पान्याची बाह्यरेषा पांढऱ्या रंगाने काढलेली, म्हणजे कुठला जागेवर नाही ते लगेच दिसावं. गिऱ्हाइकाला बसायला रिकाम्या पिंपावर एक जुनी सीट ठोकलेली. गिऱ्हाईक तिथे बसून काय बिघडलंय ते सांगायला लागलं की बुवा हात वर करायचे. "तुम्ही नका सांगू. गाडीला सांगू दे." यातला डौल इतका जबरदस्त की माणूस खरोखर गप्प बसायचा. चेन ढिली, टॅपेट सुटलेले, बेअरिंग गेलेलं, सगळं त्यांना कानाने कळे. पाने कुणाकडेही असतात, बुवांकडे कान होता. त्याच्यावर घर चाललं होतं, आणि ऐटही.

आता या कानाची त्यांनी काय राखण केली ते ऐका. दुरुस्त केलेली प्रत्येक गाडी ते हायवेवर भरधाव पिटाळून आणायचे, कारण उभ्या गाडीचा आवाज वेगळा आणि पळत्या गाडीचा वेगळा. हेल्मेट घालायचे, पण दोन माप मोठं. घट्ट हेल्मेटमध्ये म्हणे आवाज कोंडतो. काच कायम वर. आणि एवढ्याने भागेना म्हणून एके दिवशी त्यांनी चाकू घेऊन हेल्मेटच्या आतला कानांवरचा फोमच कापून काढला. तशी दोन भोकं पाडलेलं ते हेल्मेट त्यांनी लोकांना दाखवलंही. "डोकं वाचलं पाहिजे आणि कान उघडा राहिला पाहिजे," असं वर तत्त्वज्ञान. वारा आत शिरून इतका घोंगावायचा की उतरल्यावर अर्धा तास समोरचा माणूस भिंतीपलीकडून बोलतोय असं वाटायचं. बुवा याला कानाचा व्यायाम म्हणायचे.

मग वकिलांची गाडी आली. तेल बदलायचं, एवढंच काम. ते करून बुवा चक्कर मारून आले, गाडी उभी केली, इंजिन बंद करायच्या आधी सवयीने डोळे मिटले आणि थबकले. अगदी बारीक, सुईसारखी शिट्टी. त्यांनी वकिलांकडे मान वळवली.

"साहेब, ही शिट्टी कधीपासून आहे?"

"कसली शिट्टी?" वकील पिंपावरून उतरून जवळ आले. "मला तर काही ऐकू येत नाही."

"तुम्हाला नाही यायची. त्याला कान लागतो."

वकील बिचारे वरमले. दोन दिवस गाडी ठेवून गेले. बुवांनी आधी चेन बदलली. शिट्टी होतीच. टॅपेट पुन्हा बसवले, कार्बुरेटर उघडून साफ केला, तरी शिट्टी जशीच्या तशी. शेवटी त्यांनी इंजिन खाली उतरवलं, सगळी बेअरिंगं काढून पाहिली, त्यातली चांगली धडधाकट दोन फेकून नवीन टाकली. इतकी सुदृढ गाडी इतकी बारकाईने कुणी फाडली नसेल. सगळं जोडून गाडी सुरू केली आणि स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला, तर शिट्टी दुप्पट जोरात. बुवांना घाम फुटला. हाताखालून असं इंजिन कधी गेलं नव्हतं.

रविवारी दुपारी घरी जेवून ते आडवे झाले, तर शिट्टी तिथेही. ते उठून बसले.

"अगं, फ्रिज शिट्टी मारतोय."

"नाही हो," बायको म्हणाली. ती पंख्याखाली बसून उसवलेली उशी शिवत होती.

"तुला नाही यायची ऐकू," असं म्हणत बुवांनी फ्रिजचा प्लग काढला. मग पंखा बंद केला, मग टीव्हीची वायर उपटली. शेवटी दाराबाहेर जाऊन सगळ्या घराचा मेन स्विच पाडला आणि मधल्या खोलीत येऊन उभे राहिले. घर एकदम चिडीचूप झालं. बायकोची सुई कापडातून जाताना दिसत होती. आणि शिट्टी वाजतच होती, डाव्या बाजूला जरा जास्त.

"सापडली का?" बायकोने मान वर न करता विचारलं.

बुवा मटकन खुर्चीत बसले. वकिलांच्या गाडीतली दोन धडधाकट बेअरिंगं त्यांच्या डोळ्यांसमोर आली. बायको उठली, तिने मेन स्विच वर केला, आणि परत येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "उद्या कान दाखवून येऊ."

कान तपासणारी मुलगी त्यांच्या लेकीच्या वयाची होती. तिने त्यांना एका जाड दाराच्या खोक्यात बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. बुवांनी बाह्या सरसावल्या. ही तर त्यांची घरची परीक्षा. पहिले ढोबळ आवाज आले, त्यांनी खटाखट बटण दाबलं. मग आवाज यायचे थांबले. बुवा वाट बघत राहिले. मुलगी काचेपलीकडे काहीतरी फिरवत होती. बऱ्याच वेळाने त्यांनी हेडफोन सरकवून काचेवर टकटक केलं.

"ताई, मशीन बंद पडलंय तुमचं. छोटा स्क्रू ड्रायव्हर असेल तर बघतो मी."

मुलगी जरा घुटमळली. "मशीन चालू आहे, काका," ती म्हणाली.

हा प्रसंग सांगताना बुवा अजूनही इथे थोडा वेळ थांबतात. नंतर हसतात, पण आधी थांबतात. त्या खोक्यात बसून हसण्यासारखं काही नव्हतं. कान गेला तर उद्या गॅरेजात करायचं काय, एवढंच डोक्यात येत होतं.

मग शेजारच्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काम कसलं करता? गोंगाटात असता का?"

"गोंगाट कसला, इंजिनं आहेत. त्यांची सवय आहे मला."

"आणि हायवेवर किती चालवता?" बुवांनी अभिमानाने सांगितलं. शिवाय हेल्मेटच्या भोकांचंही सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे हेल्मेटमध्ये जे थोडंफार अडत होतं, ते तुम्ही कापून टाकलंत. काका, तुमचा कान इंजिनाने नाही खाल्ला, वाऱ्याने खाल्ला. हायवेच्या वेगाला वारा इंजिनापेक्षा मोठा असतो. हेल्मेटच्या खालच्या कडेला, मानेपाशी तो घोंगावतो आणि थेट कानात जातो."

"वाऱ्याने?" बुवांना हे भलतंच अपमानास्पद वाटलं. आयुष्यभर सायलेन्सर नसलेल्या गाड्यांशी झुंजलेला माणूस, आणि त्याचा कान वाऱ्याने जावा?

"आत बारीक केसांसारखे तंतू असतात. ते एकदा झडले की परत येत नाहीत."

"म्हणजे पार्ट मिळत नाही?"

"कंपनीने काढलेलाच नाही," बाई म्हणाल्या. "राहिलंय ते जपा."

मग त्यांनी कानात घालायच्या फोमच्या बोळ्यांच्या दोन जोड्या दिल्या आणि घालायचे कसे तेही दाखवलं. बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून घेऊन कान वर खेचायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोट दाबून धरायचं. बुवांनी करून पाहिलं तर कोपर पान्याच्या दांडीसारखं डोक्यात आपटलं आणि बोळा जमिनीवर पडला. बायकोने तो उचलून पिशवीत टाकला.

गॅरेजात दुसऱ्या दिवशी वकील आले. "शिट्टी सापडली का?"

"सापडली. तुमच्या गाडीत नव्हती."

"मग?"

बुवांनी आपल्या डाव्या कानाकडे बोट केलं. वकिलाला इतकं सोपं प्रकरण आयुष्यात मिळालं नसेल. पण ते कानाकडे बघत राहिले, मग गाडीवर एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "गाडी मात्र लोण्यासारखी चालतेय आता," आणि घेऊन गेले. त्यांनी चार शब्द ऐकवले असते तर बुवांना बरं वाटलं असतं.

बोळ्यांवर मात्र त्यांचा भरवसा बसेना. मेकॅनिकने कानात बोळे घालायचे म्हणजे स्वयंपाक्याने जिभेला चिकटपट्टी लावण्यातला प्रकार. म्हणून आधी त्यांनी बाकी सगळं करून पाहिलं. मापाचं हेल्मेट घेतलं, काच खाली केली, गळ्याभोवती जाड पट्टा गुंडाळला. त्याने घोंगावणं बरंच निवलं. मग हुशारी सुचली आणि स्वतःच्या गाडीला पुढे उंच काच बसवली. ती काच वारा छातीवरून उचलून नेमका हेल्मेटवर आणून आपटायला लागली, दुप्पट गोंगाट. ती त्यांनी दुसऱ्या दिवशी उतरवली, आणि कुणी विचारलं तर चोरीला गेली म्हणून सांगितलं. शेवटी बोळा घातला, पण एकाच कानात. एक कान डॉक्टरीणबाईंना, एक धंद्याला. आठवडाभर तसे हिंडले. डोकं एका अंगाला कलल्यासारखं वाटे, आणि उजव्या कानातही बारीक काहीतरी वाजू लागलंय अशी शंका आली. त्या शंकेने त्यांची पाचावर धारण बसली. दोन्ही बोळे आत गेले.

आणि हायवेवर गंमतच झाली. वाऱ्याचा तो पडदाच बाजूला झाला. आवाज बारीक झाले, पण सुटे झाले. इंजिनाची धडधड, चेनची सळसळ, गिअर पडल्याचा ठोका, सगळं वेगवेगळं. इतकी वर्षं ते हायवेवर इंजिन ऐकायला जात होते आणि वारा ऐकून परत येत होते. बुवा हेल्मेटच्या आत एकटेच हसले. म्हणजे कान शिल्लक होता तर.

त्या खुशीत संध्याकाळी त्यांनी बायकोला मागे बसवलं आणि मेव्हणीकडे निघाले. नवं हेल्मेट, दोन्ही बोळे, छाती फुगलेली. बायको मागे बसून बोलत होती. ती नेहमीच बोलायची आणि बुवा नेहमीच "हो हो" म्हणायचे, कारण वाऱ्यात काही कळायचं नाही आणि विचारत बसायला कंटाळा. आज मात्र शब्द शब्द पोचला.

"अहो, मागच्या चाकात किर्र वाजतंय."

बुवांनी कान दिला. इंजिन होतं, चेन होती, किर्र नव्हतं. त्यांनी गाडी कडेला घेतली, मधल्या स्टँडवर चढवली, हेल्मेट आणि बोळे काढले, खाली बसून मागचं चाक हाताने फिरवलं. काही नाही.

"वाजत नाही कुठे."

"वाजतंय की," बायको म्हणाली. "हे बघा, आलं. आता गेलं. आता परत आलं."

ती बोट वर-खाली करून दाखवत होती, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तिचं बोट एकाच जागी वर जात होतं. बुवांनी ब्रेकच्या ड्रमला हात लावला आणि झटकन मागे घेतला. ड्रम तापला होता. ब्रेक एका जागी घासत होता. तो बारीक किरकिराट त्यांनी एके काळी रस्त्याच्या पलीकडून ओळखला असता.

ते तसेच उकिडवे बसून राहिले. इंजिन होतं, चेन होती, धडधड होती. वरचे आवाज गेले होते, आणि ते जाताना त्यांना कळवून गेले नव्हते. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी ग्रीसच्या हातानेच पुसलं.

"कधीपासून वाजतंय हे?"

"पावसाळ्याच्या आधीपासून. दर वेळी सांगते. दर वेळी तुम्ही हो हो म्हणता."

"तुला बरं ऐकू येतं."

"मी काच खाली ठेवते, डोळ्यात धूळ जाते म्हणून. आणि तुमच्या पाठीमागे बसते. वारा सगळा तुम्हीच खाल्लात."

बुवांनी ब्रेकचा नट जरा सैल केला आणि चाक फिरवलं. त्यांना काहीच फरक कळला नाही. त्यांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. ती ऐकत होती, मग तिने मान हलवली. "अजून थोडं." त्यांनी आणखी सैल केला. "हं. गेलं."

मग बुवांनी बायकोचं हेल्मेट उतरवलं आणि खिशातली बोळ्यांची दुसरी जोडी काढली. एक बोटांत वळला, दुसरा हात बायकोच्या डोक्यावरून घेऊन तिचा कान वर खेचला आणि बोळा आत सरकवला. बोट दाबून धरून उभे राहिले. रस्त्याने जाणारे बघत होते. "अहो, लोक बघतायत," ती म्हणाली, पण हलली नाही.

"बघू देत. घरात आता हा एकच धड कान राहिलाय."

तिच्या दुसऱ्या कानातही बोळा गेला, बुवांनी आपले घातले, दोघंही हेल्मेट चढवून पुन्हा बसली आणि बुवांनी गाडी सावकाश हायवेवर काढली. थोड्या अंतराने मागून बायको काहीतरी बोलली. या वेळी एक ट्रक शेजारून जात होता आणि शब्द निसटले. बुवांच्या ओठांवर सवयीचा होकार आला होता. तो त्यांनी गिळला, गाडी परत कडेला घेतली, थांबवली आणि मान मागे वळवली.

"काय म्हणालीस?"