आत्या आणि पांढरे दात

मनात आलेली गोष्ट उद्यावर ढकलणारी माणसं आत्याला समजतच नाहीत. आत्या म्हणजे माझ्या बायकोची, चिंचणीची. बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकते. तिच्या उत्साहाला आवर घालणारा माणूस आमच्या पालघर जिल्ह्यात अजून जन्माला यायचाय. घरात मिक्सर आला त्याच दिवशी तिने टोपलीभर जवळा दळायला घेतला आणि मिक्सरमधून धूर निघाल्यावरच थांबली. पंचावन्नाव्या वर्षी स्कूटर शिकली, तर तिसऱ्या दिवशी पायाशी बोंबलांची टोपली ठेवून थेट केळव्याला नणंदेच्या दारात. नणंदेची घाबरगुंडी उडाली. आत्या मात्र परत जायला याहून लांबचा रस्ता कुठला, ते विचारत होती.

अशा या आत्याच्या नातीचा साखरपुडा ठरला. नातीने मोबाइलवर दोघींचा फोटो काढून दाखवला आणि भाजलेल्या तंबाखूची मिश्री चाळीस वर्षं लावून काळे झालेले आपले दात आत्याने प्रथमच एवढे मोठे करून पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती आमच्या बोईसरच्या घरी हजर. दात पांढरे करणारा डॉक्टर दाखव, एवढंच म्हणाली. दवाखाना दहाला उघडतो असं सांगूनही पाऊण तास आधी आम्ही बंद शटरसमोर उभे होतो.

डॉक्टरबाई तरुण आणि शांत होत्या. त्यांनी फायदे-तोटे नीट समजावले. आधी दात साफ करायचे, मग पांढरे. चेहरा उजळेल, मोकळेपणाने हसता येईल. पण काही दिवस गार-गरम लागलं की कळा येतील, पुढच्या दातावरची जुनी कॅप आहे त्याच रंगाची राहील आणि मिश्री सोडली नाही तर सगळं पाण्यात. फायदे ऐकताना आत्या मान डोलवत होती. तोटे सुरू झाले तशी ती टेबलावरची, रंगांचे नमुने दाखवणारी दातांची पट्टी न्याहाळू लागली. त्यातल्या सर्वांत पांढऱ्या दातावर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो द्या मना. पापलेटच्या पोटासारखा हाय." डॉक्टरबाईंनी हसू दाबत दोन घरं अलीकडच्या दातावर तिची समजूत घातली.

दोन खेपांत काम झालं. नंतर दोन दिवस चहा, हळद, मसाला बंद. लाल कालवणावर वाढलेली ही बाई दहीभातावर राहिली, आणि तेही कौतुकाने. गार पाण्याचा घोट घेतला की एक पाय उचलून, डोळे मिटून उभी राहायची. कळ ओसरली की आधी आरशाकडे. सारी गल्ली दात बघून गेली, काहीजणी दोनदा.

साखरपुड्यात फोटोवाला बाकीच्यांना हसा म्हणून विनवत होता. आत्याला मात्र जरा कमी हसा असं सांगावं लागलं. मधोमध पिवळा राहिलेला तो एक दात कुणीतरी दाखवला, तर म्हणाली, तो घरातला जुना भाडेकरू हाय, ऐकत नाय. मग नात स्टेजवरून खाली आली आणि आजीच्या गालाला गाल लावून तिने स्वतःच दोघींचा फोटो काढला.

गेल्या महिन्यात चिंचणीला गेलो. दुपारची वेळ. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या वलांडीच्या सावलीत चार म्हाताऱ्या मिश्रीचे डबे उघडून गप्पा मारत होत्या. आत्या दहा हात लांब, मिश्रीचा वास येणार नाही अशा बाजूला बसली होती. वर्षानुवर्षं ती त्यांच्या मधोमध बसायची, हे मला ठाऊक होतं. मी बाजूला जाऊन टेकलो, तेव्हा हळूच म्हणाली, "दात ग्वाड झाले रं. पन डाक्तरनीनं येक तोटा सांगितला नाय. ह्या बायांत मी आता पावनी झाले."

तेवढ्यात त्या चौघी कशावर तरी खदखदून हसल्या. काय झालं ते आत्याला ऐकू गेलं नव्हतं. तरी तीही हसली, तोंडभर, जराशी उशिरा.