ढोलकी पुण्यात, गाणं शिरडला

गायन पार्टीत एक गाणं बसवायला महिना जातो, किस्सा मात्र रोज आपोआप बसतो! त्यात आमची पार्टी फोनवर चालायला लागल्यापासून तर किस्से ठेवायले जागाच उरली न्हाई.

पार्टी म्हणजे आमी चौघं. गाणाऱ्या सुलोचनाताई शिरड शहापूरच्या. पेटीवाले मास्तर औंढ्याचे. ढोलकीवाला दौलत पुण्यात एका सोसायटीचा वॉचमन झालेला. आणि वारंगा फाट्यावर मी, खंजिरीवाला तात्या. माझी शाळा सातवीत सुटली, खोड्या काही सुटल्या न्हाईत.

यंदा शिरडच्या जयंतीच्या कमिटीतली पोरं म्हणाली, "ताई, तुमचा ढोलकीवाला तिकडं पुण्यात. औंदाच्याला डीजेच लावतो."

जयंतीचं पहिलं गाणं दरसाल ताईंचंच. त्या भडकल्या. "पहिल्या गाण्यात ताल चुकला तर डीजेची वायर मी सोता लावून देईन, अन् पुन्हा माइकला हात लावणार न्हाई!"

बाई शब्दाची पक्की. आता आली का पंचाईत! लागली व्हिडिओ कॉलवर प्रॅक्टिस सुरू.

*

पहिल्या दिवशी गाणं झालंच न्हाई. मास्तर म्हणत, "आवाज येऊन राहिला का?" दौलत म्हणे, "आवाज येऊन राहिला का?" मग आमी सगळेच. फोनची बॅटरी उतरली तवा ताई म्हणाल्या, "इतकं एका सुरात तर आपण गाण्यात बी कधी म्हणलो न्हाई!"

*

दौलतची प्रॅक्टिस गेटवरच्या केबिनमधी. ऐन रंगात आलं की गाडी यायची. "थांबा मास्तर, गेट उघडतो!" गाणं अधांतरी.

मी म्हणलं, "दौलत, गेट बी तालात उघडत जाय."

गड्यानं मनावर घेतलं. मग काय विचारता! त्या सोसायटीतला एक साहेब बराबर समेवर हॉर्न द्यायले शिकला!

*

मास्तर गंभीर माणूस. असा माणूस दिसला की माझा हात शिवशिवतो. एका दिवशी मी कॅमेऱ्यासमोर तोंड वासून, खंजिरी वर धरून, पुतळ्यासारखा बसून राहिलो. डोळ्याची पापणी बी हलवली न्हाई.

"तात्याचं नेट अटकलं!" मास्तर ओरडले. फोन घेऊन अंगणात गेले, मग गच्चीवर, मग थेट पाण्याच्या टाकीवर चढले. मी तसाच.

तेवढ्यात माझी बायको मागून आली, माझ्यापुढं चहाचा कप ठेवून गेली.

टाकीवरून मास्तरांचा आवाज आला, "तात्या, वहिनी तर बराबर चालून राहिल्या. तुमीच काहून अटकले?"

*

खरी तकलीफ तालाची. दौलतची थाप पुण्याहून निघायची अन् ताईंचा शब्द संपल्यावर पोचायची. वरातीच्या मागून घोडं आल्यावानी!

मास्तरांनी उपाय काढला. "दौलत, ताईंच्या शब्दाची वाट पाहू नको. त्याच्या आधीच थाप मार. इथं पोचस्तोवर बराबर होते."

दौलतनं रोज तसंच घोटलं. झोपेतबी तो थाप आधी मारायला लागला म्हणे. गाणं असं बसलं, की कमिटीच्या पोरानं फोनवर ऐकून कबूल केलं, "व्हय ताई, पहिलं गाणं तुमचंच."

*

जयंतीला दौलत सुट्टी काढून आला. शिरडला मंडप गच्च भरलेला. स्टेजच्या कोपऱ्यात कमिटीचं पोरगं डीजेची वायर हातात धरून उभं.

ताईंनी तोंड उघडलं. त्यायच्या आधीच थाप! ताई थापेला गाठायले पळाल्या, तर दौलत आणखी पुढं. मास्तर पेटीवर धापा टाकून राहिले. पहिलं कडवं असं गेलं, जशी स्टँडवर न थांबलेली एसटी! लोक हसायला लागले. पोरानं वायर प्लगजवळ नेली.

ताईंनी हात वर केला. सगळं थांबलं. "दौलत, खाली उतर."

दौलतचं तोंड उतरलं.

"ढोलकी घे. त्या पल्याडच्या चहाच्या गाड्यावर जाऊन बस. अन् तिथून फोन लाव."

दौलत गेला. फोन आला. मास्तरांनी तो माइकला लावला. ताईंनी गाणं पुन्हा उचललं, अन् थाप अशी बराबर शब्दावर पडली, की म्हातारे बी शिट्ट्या मारायले लागले! अर्धा मंडप ताईंकडं तोंड करून, अर्धा चहाच्या गाड्याकडं. पोरानं मुकाट्यानं वायर गुंडाळली.

गाणं संपलं. टाळ्या थांबेनात. तेवढ्यात लाउडस्पीकरमधून साऱ्या गावाला दौलत ऐकू आला:

"ताई, इथं चहा फुकट पाजून राहिलेत. दुसरं गाणं जरा लांबवा!"