माझ्या वीस लिवा

थांबा, हे आत्ताच सांगायला पाहिजे, नाहीतर मला जेवण जाणार नाही! आमच्या चाकणच्या कंपनीत मोशीचे एक काका फोर्कलिफ्ट चालवतात. बोलायच्या आधी दोनदा खाकरतात आणि मॅनेजरलासुद्धा 'राव' म्हणतात. आज मेडिकल कॉलेजची टीम आली होती. तेवढ्याच बिड्या-सिगारेटींनी वेगवेगळ्या समाजातल्या लोकांच्या डीएनएचं नुकसान कमीजास्त होतं का, कॅन्सरचा धोका कुणाला जास्त, हे तपासायला. कंपनीत बिडी-सिगारेटला बंदी आणि सुपरवायझर शेजारीच उभा, म्हणून सगळ्यांनी फॉर्मवर 'रोज दोन' लिहिलं. मीपण!

काका दोनदा खाकरले आणि टीमच्या डॉक्टरांना म्हणाले, "माझ्या वीस लिवा."

"काका, नोकरी जाईल!" मी कुजबुजलो.

"जाऊ दे राव. समद्यांनी दोनच लिवल्या तर ह्यांना वाटंल, आमच्या लोकांचं दोन बिड्यांतच एवढं वाटोळं होतंय. मग उद्या पोरांना खरा धोका कसा सांगनार?"

सुपरवायझर एवढंच म्हणाला, "काका, गेटच्या आत ओढू नका म्हणजे झालं."

मी फॉर्म परत मागून दोन खोडले, नऊ लिहिले. माझ्यामागे आकडे बदलायला रांगच लागली! कसला माणूस आहे राव आमचा! तुम्हाला कधी कुणी असं सगळ्यांदेखत खरं बोलायला लावलंय का?