दादाचा कान आणि तांब्याची नळी

फेब्रुवारीतला रविवार, सकाळ. हजर: गॅरेजवाला माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, वहिनी, पळसदरीचा गाडीवाला, आणि मी. आठवडाभर मी खोपोलीच्या कारखान्यात स्टोअर सांभाळते. रविवारी खालापूरला दादाच्या गॅरेजात लॅपटॉप घेऊन बसते. कोण कोण हजर होतं हे आधी लिहायची सवय स्टोअरमधली.

दादाकडे टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या गाड्या येतात. टर्बोची हवा वाढवली की ताकद वाढते. पण गाडीच्या मूळ कॉम्प्युटरला त्या वाढीव हवेचा हिशेब नसतो. पेट्रोल कमी पडतं, ठिणगी लवकर पडते, आणि आत पिस्टनवर घाव बसू लागतात. त्याला आम्ही इंजिन ठोकतंय म्हणतो. म्हणून सेन्सर आणि कॉम्प्युटर यांच्या मधोमध आम्ही एक छोटी डबी बसवतो. मूळ कॉम्प्युटर काढत नाही. सेन्सरचं म्हणणं डबीत शिरतं, थोडं बदलून पुढे जातं. पेट्रोल जास्त मिळतं, ठिणगी जरा उशिरा पडते. किती जास्त आणि किती उशिरा, ते आम्ही ठरवायचं. तिथे चूक झाली तर दुसऱ्याचं इंजिन जातं.

ठरवायला आमच्याकडे बोरघाटाचा जुना रस्ता आहे. चढाला वेग न वाढवता इंजिनावर पूर्ण भार येतो. आणि एक तांब्याची नळी आहे. तिचं एक टोक चपटं करून इंजिनावर बोल्टने आवळतो. दुसऱ्या टोकाला रबरी नळी, ती आत आणून कानावर घालायच्या कपांना जोडलेली. इंजिन ठोकू लागलं की त्यात पत्र्याच्या डब्यात चिंचोके हलवल्यासारखा आवाज येतो. गाडीचा स्वतःचा सेन्सर असतो, पण बदल केलेल्या गाडीत दादा त्याच्यावर विसंबत नाही.

आठवडाभर आलेल्या गाड्या दादा एकटाच ऐकतो, पण रविवारी त्याचा नियम असा, की दोघांनी ऐकायचं. पहिल्या फेरीला तो, दुसऱ्या फेरीला मी. आणि परत गॅरेजात येऊन चहा हातात येईपर्यंत कुणी काही बोलायचं नाही. एकाने सांगितलं की दुसऱ्याला तेच ऐकू येतं, असं त्याचं म्हणणं.

त्या दिवशी गाडीवाल्याला हा नियम फार गमतीचा वाटला. परतीच्या उतारावर गाडी चालवत तो एकटाच बोलत होता. मुलगी बघून आलेली माणसंसुद्धा गाडीत इतकी गप्प बसत नाहीत, म्हणाला. दादा हसला नाही. मला वाटलं, नियम पाळतोय.

वहिनीने चहा दिला. दादा म्हणाला, "साफ हाय."

मी म्हटलं, "दादा, तिसऱ्या गियरला ठोकतेय. वळणानंतरच्या चढाला, सलग."

"झालं," गाडीवाला म्हणाला. "आता भावाचं धरू का बहिणीचं?"

दादाने कप खाली ठेवला. "परत जाऊ," एवढंच बोलला.

तिसऱ्या फेरीला कप माझ्या कानावर होते, दादा माझ्या शेजारी मागे बसला. वळण गेलं, भार आला आणि चिंचोके वाजू लागले. मी कप काढून त्याच्या कानावर ठेवले. त्याने डोळे मिटले. मग उघडले.

"हाय का आता?" त्याने विचारलं.

मी मान हलवली. त्याने गाडीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायला सांगितलं.

गॅरेजात आल्यावर तो गाडीवाल्याला सरळ म्हणाला, "गाडी ठेवून जा. माझ्या कानाला येत नाय तो आवाज." चावी बाकावर ठेवून गाडीवाला एसटीच्या थांब्याकडे चालत गेला. ठिणगी मी आणखी उशिरावर नेली. लॅपटॉपवर डबीचे आकडे मी भरले, दादा नुसता बघत होता.

जेवायला बसल्यावर वहिनी म्हणाली, कुकरची शिटी झाली हे यांना मीच सांगते, गेल्या दिवाळीच्याही आधीपासून. गिऱ्हाईक काही बोललं की ती तेच पुन्हा मोठ्याने म्हणायची. मला ती तिची बोलण्याची तऱ्हा वाटत होती. त्या डबीसारखी तीही मधोमध बसून त्याला सगळं जरा वाढवून देत होती.

"मग मला का नाय सांगितलंस?" दादाने तिला विचारलं.

"तुमी गॅरेज बंद केलं असतं," ती म्हणाली.

मी डॉक्टरचं काढलं. वय झालं की बारीक आवाज आधी जातात, तपासून घ्यायला काय हरकत आहे, वगैरे. दादाने ताट बाजूला सारलं.

"आधी गाड्या. दिवाळीच्या आधीपासनं मी एकट्यानं साफ म्हटलेल्या सगळ्या परत ऐकायच्या. तू ऐकायच्या, गं. मग माझा कान."

त्याच दुपारी मी यादी केली आणि फोन लावायला बसले. पुढचे सगळे रविवार त्यातच गेले. गाड्या येत राहिल्या. मी मागे बसून ऐकायचे आणि दादा पुढे नुसता बसायचा. नियम तसाच, चहापर्यंत गप्प. फक्त आता चहा हातात आला की बोलायची मी एकटीच. बहुतेक गाड्या ठीक निघाल्या. कर्जतची एक ठोकत होती. तिचा मालक गेले कित्येक महिने रोज तिच्यातून मुलांना शाळेत सोडत होता. ते ऐकून दादा बाहेर गेला आणि पाण्याच्या टाकीपाशी उभा राहिला.

आता यादीत एकच गाडी उरली आहे, शेलूची, करड्या रंगाची. मूळ मालकाने ती विकली. ज्याला विकली तोही शेलूचाच, पण त्याचा फोन लागत नाही. शेलूत आता इमारती इतक्या झाल्या आहेत की प्रत्येक पार्किंगमध्ये डोकावावं लागेल. दोन इमारतींचे वॉचमन बघून कळवतो म्हणाले आहेत.

कानाचं काढलं की दादा म्हणतो, "शेलूची आली का?"

नळी खिळ्याला टांगली आहे, कप पुसून ठेवले आहेत. शेलूची गाडी अजून ऐकायची आहे. यादीत तिच्याखाली मी दादाचा कान लिहिला आहे, तोही तपासायचा आहे.