घोडीला सगळं गाव पाठ

टांगेवाला सकाळपासून पिऊन असतो आणि टांगा त्याची घोडीच हाकते, अशी गल्लीत बोलवा होती. यातलं निम्मं साफ खोटं. चहापलीकडे त्याने आयुष्यात काही प्यायलं नाही. चहातली साखर मात्र तीन माणसांची. घोडीबद्दलचं निम्मं खरं होतं, पण कारण वेगळंच. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते आणि ते फक्त त्याच्या बायकोला माहीत होतं. घोडीला तर होतंच.

एके काळी या गावाचं घोड्यांवाचून पान हलत नसे. टपाल, डॉक्टर, स्टेशनावरचे पाहुणे, सगळे घोड्यांच्या जिवावर. आगीचा बंबसुद्धा घोडेच ओढायचे, आणि ते इतके निवांत की बंब पोचेपर्यंत आग दमून आपणच विझायची. स्टेशनाबाहेर चाळीस टांगे उभे असत. मग रिक्षा आल्या, आणि गळत गळत उरला हा एक. हौदाजवळची सावलीतली जागा त्याची. पण नगरपालिकेचा नियम असा, की आठ दिवस जागा रिकामी दिसली की ती रिक्षावाल्यांना द्यायची. ऑपरेशन म्हणजे महिनाभर घरी बसणं. म्हणून गडी डोळ्यांचं नाव काढत नव्हता.

"डोळे करून घ्या," घोडीचा तोबरा भरता भरता बायको म्हणायची. "परवा टपालपेटीला कुठं जायचं म्हणून विचारत होतात."

"हो, आणि तिने तोंड उघडलं नाही. असलं उद्धट गिऱ्हाईक मी घेत नाही."

धंद्याला तशी अडचण नव्हती. गिऱ्हाईक पायरीवर चढलं की टांगा किती कलतो, यावरून घोडी माणूस ओळखायची. मास्तरीणबाई चढल्या की शाळा, औषधवाला चढला की दुकान. हा नुसता लगाम धरून मालकासारखा बसायचा.

त्या वर्षी परवान्याचं नूतनीकरण आलं आणि नगरपालिकेचा इन्स्पेक्टर स्वतः टांगा तपासायला आला. इन्स्पेक्टर रोजचंच गिऱ्हाईक, पण देह असा, की तो मागे बसला की टांगा उलार व्हायचा: मागचं ओझं खाली, पुढचे दांडे वर, आणि घोडीचे पुढचे पाय जमिनीला जेमतेम टेकलेले.

"पुढे सरका साहेब, नाहीतर घोडी उडेल," टांगेवाला म्हणाला.

इन्स्पेक्टर म्हणाला बाजार, घोडी बाजारात गेली. म्हणाला दवाखाना, ती दवाखान्यात. टांगेवाल्याने मधूनमधून लगामाला उगाच झटके दिले आणि रस्त्यात नसलेल्या एका सायकलवाल्याला शिव्याही घातल्या. इन्स्पेक्टर खूश झाला.

"बास. आता कचेरीत चला."

तेवढ्यात मनोऱ्याच्या घड्याळाने तीनचे टोले दिले. हा देह, ही वेळ. घोडीने क्षणभरही विचार केला नाही. न्हाव्याच्या दुकानामागच्या बोळात वळली आणि हिरव्या दारासमोर थांबली. माडीवरून कोणीतरी डोकावलं. "या लवकर, पत्ते पिसून ठेवलेत."

इन्स्पेक्टर लालेलाल. "मी कचेरी म्हणालो होतो. तुम्हाला दिसत नाही का?"

घोडी चुकली म्हटलं असतं तर परवाना हातात पडला असता. पण बारा वर्षांत न चुकलेल्या जनावरावर आळ घ्यायला टांगेवाल्याची जीभ रेटेना.

"नाही दिसत, साहेब. दोन वर्षं झाली. परवाना नका देऊ, पण माझी जागा महिनाभर राखा. डोळे करून येतो."

"नियम आठ दिवसांचा आहे. आणि अहवालात काय लिहू मी? आंधळा टांगेवाला सरकारी माणसाला घेऊन भलतीकडे गेला?"

पुढे ती जागा महिनाभर राखली गेली. हौदाजवळ 'टांगा दुरुस्तीस गेला आहे' अशी नगरपालिकेची पाटीही लागली. इन्स्पेक्टर मनाचा मोठा, असं लोक अजून म्हणतात. बोळात टांगेवाल्याने त्याला शांतपणे जे सुनावलं, ते एवढंच:

"तसंच लिहा, साहेब. टांगा कुठे थांबला ते मला काही दिसलं नाही. तुम्हाला दिसलंय, तेवढं नीट लिहा."