दुपारी उघडं दुकान

माळा आवरताना वडिलांच्या भांड्यांच्या दुकानाची पाटी सापडली. ‘दुपारी एक ते चार बंद.’ पितळेच्या पॉलिशचा वास अजून तिला होता.

सत्तरीत त्यांची रात्रीची झोप उडाली, तेव्हा भर वैशाखात त्यांनी ही पाटी उतरवली आणि लोड सोडून दुपारभर स्टुलावर ताठ बसले. कसबा पेठेतलं गिऱ्हाईक दारातच थबकलं. “अहो, घरी सगळं ठीक ना?”

“ठीक आहे. रात्री झोपायचंय, म्हणून जागा आहे.”

मला तेव्हा तो निव्वळ हट्ट वाटला होता. हल्ली माझेही डोळे पहाटे तीनलाच टक्क उघडतात.

जेवण झालं होतं. मी आरामखुर्ची मिटून भिंतीला लावली, टोपी घातली.

बायको म्हणाली, “अहो, या उन्हात कुठे निघालात?”

“झोपायला,” म्हटलं आणि जिना उतरलो.